मन्रो: स्कॉटलंडची २८२ शिखरं, सगळीच्या सगळी. नियोजन, नकाशा, नद्या आणि एक सुळका

होकायंत्र

एडिंबरा-ग्लासगोकडे राहणाऱ्या मराठी ट्रेकरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. मग ह्यात एवढं काय?" आकडे बरोबर आहेत. अख्ख्या स्कॉटलंडमध्ये कळसूबाईएवढं उंच काहीच नाही. पण बेन नेव्हिसची चढाई ग्लेन नेव्हिसमधून, जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते. म्हणजे एका दमात १३०० मीटरहून जास्त चढ आणि जाऊन-येऊन सुमारे १७ किमी. शिवाय अक्षांश ५७च्या आसपास. १८८३ ते १९०४ या काळात बेन नेव्हिसच्या माथ्यावर वेधशाळा चालत होती, तिच्या नोंदींप्रमाणे तिथलं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली येतं. इथला त्रास उंचीचा नाही. तो वारा, ओल, धुकं आणि वाट नसण्याचा आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: ३००० फुटांवरच्या (९१४.४ मी.) स्कॉटिश डोंगरांची पहिली यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नियतकालिकात छापली. म्हणून अशा शिखराला मन्रो म्हणतात. आज ती २८२ आहेत. त्याखेरीज २२६ 'टॉप', म्हणजे ३००० फुटांवरची पण स्वतंत्र डोंगर न मानलेली टोकं. सगळी मन्रो पहिल्यांदा पुरी केली ती पाद्री ए. ई. रॉबर्टसन यांनी, १९०१ साली. खुद्द मन्रोसाहेबांची राहिलीच.

यादी कशी फोडायची यावर हा धागा चालवू. माझं मत आधीच सांगतो. उंचीनुसार किंवा 'सोपी आधी' अशा क्रमाने करू नका. नकाशावर डोंगरांचे गट पाडा आणि गट पुरा करूनच उठा. साउथ ग्लेन शील ही एकच धार, तिच्यावर ओळीने सात मन्रो. पूर्वेकडून क्लूनीहून चढलात की शेवट त्याच रस्त्यावर दहा-बारा किमी पश्चिमेला होतो, त्यामुळे दुसरी गाडी किंवा सायकल आधी तिकडे लावून ठेवावी लागते. सहा करून कंटाळून उतरलात, तर त्या एका उरलेल्या क्रेग नान दाव्हसाठी पुन्हा तोच प्रवास आणि पुन्हा अख्खा दिवस. अशा अनाथ शिखरांनीच फेरी दोन-तीन वर्षं लांबते.

वेळेसाठी नेस्मिथचा १८९२चा नियम अजून चालतो: सपाटीला ताशी ५ किमी, वर दर १० मीटर चढाईला एक मिनिट. १६ किमी आणि ११०० मीटर असेल तर ३ तास १२ मिनिटं अधिक १ तास ५० मिनिटं, म्हणजे ५ तास २ मिनिटं. यात बसणं, खाणं, दलदल काही धरलेलं नाही. मी त्याला सव्वापटीने गुणतो, बर्फात दीडपट.

पाऊलवाट१६४६

धागा वाचनखुणांत साठवला. कालच्या पावसात इथे बसून एवढंच शक्य होतं 😀
सुरुवात कुठून करावी? आणि मे महिना बरा की ऑगस्ट?

होकायंत्र

@पाऊलवाट१६४६, मे. पश्चिम हायलँड्सला मे तुलनेने कोरडा, दिवस मोठा, आणि मिज (चावणारी बारीक चिलटं) अजून पुरते उठलेले नसतात. ऑगस्ट म्हणजे मिज, गर्दी आणि हरणांची शिकार, तिन्ही एकदम.

सुरुवातीला ग्लेनशी. तिथे रस्ताच ६७० मीटरवर जातो. केर्नवेल (९३३), कार्न ईशा आणि कार्न अ गीय ही तीन एका दिवसात आरामात. स्की लिफ्टचे खांब बघत चढायचं असल्याने दिसायला कुरूप, पण उंचावरच्या पठारावर नकाशा लावायची सवय तिथे होते. दुसरं, बेन लोमंड (९७४), यादीतलं सर्वांत दक्षिणेचं. ठळक वाट आहे. बेन नेव्हिस मात्र पहिलं करू नये. वाट महामार्गासारखी असल्याने डोकं चालवावं लागत नाही, आणि माथ्यावर धुकं आलं की नेमकं तेच लागतं.

चकवा

बेन नेव्हिसचा विषय निघालाच आहे तर हे लिहून ठेवा. माथ्यावर एका अंगाला गार्डिलू घळ, उतारावर दुसऱ्या अंगाला फाइव्ह फिंगर घळ. धुक्यात किंवा बर्फात वाट दिसेनाशी झाली की लोक एकीला चुकवायला जातात आणि दुसरीत उतरतात. ठरलेलं उत्तर असं: माथ्यावरच्या त्रिकोणमिती खांबापासून (सर्वेक्षणाचा खांब) ग्रिड बेअरिंग (नकाशाच्या उत्तरेपासून मोजलेली दिशा) २३१ अंश, १५० मीटर. तिथून २८२ अंश, थेट नागमोडी वाट सुरू होईपर्यंत. हे दोन आकडे नकाशाच्या मागे पेनने लिहा.

१५० मीटर मोजायचे कसे? डावं पाऊल पडेल तेव्हाच मोजायचं. सपाटीला १०० मीटरला माणसागणिक ६० ते ७० जोडपावलं होतात. आपला आकडा घरी मैदानात दोनदा मोजून ठेवा. बर्फात किंवा उतारावर तो बदलतो, म्हणून तिथेही एकदा तपासा.

चुंबकीय उत्तर आणि ग्रिड उत्तर यांतला फरक सध्या स्कॉटलंडमध्ये फारच थोडा आहे. जुन्या पुस्तकांत 'चार-पाच अंश मिळवा' असं छापलेलं असतं ते आता लावू नका. नकाशाच्या समासात चालू आकडा दिलेला असतो, तोच धरा.

दांडावरचा

फोन असताना हे सगळं हवंच कशाला, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो.

चकवा

विचारा हो, उत्तर तयार आहे 😀 शून्याखाली बॅटरी तासाभरात माना टाकते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि हातमोजे काढले की पाच मिनिटांत बोटंच दाद देत नाहीत. फोन 'मी कुठे आहे' हे सांगायला उत्तम. 'पुढे कुठे जायचं' हे १:२५,००० किंवा १:५०,००० च्या कागदी नकाशावरून. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, विमान-मोड लावा, आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा.

एक अपवाद. स्काय बेटावरच्या कुलिन डोंगररांगेत होकायंत्रावर विसंबू नका. तिथल्या खडकातच चुंबकत्व आहे, सुई भलतीकडे वळते. तिथे धारेचा आकार, खिंडी आणि उंचीमापक यावरच चालावं लागतं.

शेवंती

कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. सह्याद्रीतल्या पावसात आपण चिंब भिजून मजेत चालतो, कारण पाऊस कोमट असतो. इथे तेच केलं तर थंडीने अंग आखडतं. कॉटन अजिबात नको, जीन्स तर नकोच. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर पावसाचं जॅकेट आणि पावसाची पँट. ही पँट घरी राहते आणि मग मांड्या भिजून पाय गारठतात. जुलैतसुद्धा टोपी आणि हातमोजे, हातमोज्यांच्या दोन जोड्या, हिवाळ्यात तीन. थांबल्यावर घालायला एक जाड जॅकेट पिशवीत कोरडं ठेवायचं, चालताना घालायचं नाही. चार जणांत एक ग्रुप शेल्टर (आत बसता येईल असं हलकं कापड): वाऱ्यात डबा खायलाही उपयोगी.

हवामान बघताना गावाचा अंदाज बघू नका. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसवर विभागवार डोंगरांचा अंदाज असतो, त्यात 'वाऱ्याचा चालण्यावर परिणाम' असं वेगळं कलम असतं. मी आधी तेच वाचते. ताशी ४० मैलांचे झोत म्हणजे धारेवर तोल जाणार. ६० म्हणजे उभं राहणं कठीण.

घसारा

तांत्रिक भागाबद्दल लिहितो. २८२ पैकी बहुतेक सगळी चालत होतात. हात लावावे लागतात ती थोडी, आणि दोर लागतो असं एकच: स्कायवरचं इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल, ९८६ मी. स्कूर जेरग डोंगराच्या माथ्यावर पात्यासारखा उभा सुळका. १८९१च्या यादीत शेजारचा सखल माथा मन्रो होता आणि हा उंच असूनही नुसता टॉप. १९२१च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. मन्रोंनी स्वतः हा कधीच चढला नाही.

चढाई पूर्वेच्या धारेने. श्रेणी 'मॉडरेट', म्हणजे ब्रिटिश श्रेण्यांत खालून दुसरी. पकडी मोठ्या, खडक खरखरीत. अडचण एक्स्पोजरची: धार काही ठिकाणी फूटभर रुंद आणि दोन्ही बाजू तुटलेल्या. दोन टप्पे होतात. उतरायचं पश्चिमेकडून दोराने, साधारण २० मीटर. म्हणजे ५० मीटरचा दोर दुहेरी करून पुरतो. हार्नेस, हेल्मेट, बिले उपकरण (साथीदाराचा दोर धरायला), चार-पाच स्लिंग (पट्ट्यांचे फास), प्रुसिक (दोरावर आवळणारा बारीक दोरीचा फास). रॅपलचा अँकर आयता असतो, तरी भार देण्याआधी तपासायचा. ओल्यात आणि वाऱ्यात रद्द.

आपल्याकडे सुळके केलेल्यांना हे सोपं आहे. तसं नसेल तर सरळ गाइड घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि हा शेवटी ठेवू नका. हवामानामुळे चार-चार वेळा रिकाम्या हाताने परतावं लागतं, तो धोका शेवटच्या शिखरावर नको. स्कायवर एकूण १२ मन्रो, त्यातली ११ मुख्य धारेवर. मे-जूनमध्ये सलग पाच-सहा दिवस काढा, म्हणजे दोन कोरडे सापडतील.

हात लावायची बाकी मोठी ठिकाणं: अनख एगख, लिअखख, आन चालख. पहिल्याबद्दल इशारा. ग्लेन कोच्या उत्तरेची ही धार (दोन मन्रो) एकदा सुरू केली की मधून दक्षिणेला सुरक्षित उतार नाही. शेवटी क्लाखेग घळीच्या कडेने उतरणारा घसारा रस्त्याकडे जवळचा वाटतो आणि तिथेच अपघात होतात. पुढे पॅप ऑफ ग्लेन को या टेकाडाच्या खिंडीपर्यंत जाऊन उतरा. लांब पडतं, पडू दे.

लिअखखवर सुळके टाळून जाणाऱ्या आडव्या पायवाटा आहेत. त्या 'सोप्या' समजू नका. गवताळ, झिजलेल्या, खाली सरळ कडा. धारेवरचा पक्का खडक त्यापेक्षा बरा.

पाऊलवाट१६४६

ही नावं वाचता येत नाहीत राव. इंग्रजीत बघितलं तर अर्धी अक्षरं वायाच जातात.

दांडावरचा

गेलिक आहे ते, इंग्रजी उच्चार लावले की फसलात. गंमत म्हणजे देवनागरीत ती रोमनपेक्षा नीट बसतात. 'बी-एच' आणि 'एम-एच' म्हणजे बहुतेक 'व'. 'एफ-एच' चक्क मुका. 'सी-एच' म्हणजे घशातला 'ख'. बाकी शब्द पंधरा-वीसच आहेत. बेन डोंगर, स्कूर टोकदार शिखर, म्यावल गोल टेकाड, कार्न दगडांचा ढीग, ब्यालख खिंड, कोर्य म्हणजे तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेला खोलगट खळगा. मोर मोठा, बेग धाकटा, दू काळा, जेरग लाल.

हे पाठ झालं की नकाशा बोलायला लागतो. नाव 'म्यावल' असेल तर माथा गोल, म्हणजे धुक्यात दिशा चुकायला सोपा. 'स्कूर' असेल तर धार सापडेल पण पडायलाही जागा सापडेल. आणि नावं ठेवायची तऱ्हा आपल्यासारखीच: आम बोडख म्हणजे म्हातारा, बुअखल्य एटिव्ह मोर म्हणजे एटिव्हचा थोरला गुराखी, आन चालख म्हणजे लोहाराची भट्टी. माहुलीच्या नवरा-नवरी-भटोबाला इथे परकं वाटणार नाही.

मुंगी

यादीच्या काटेकोरपणाबद्दल थोडं. मन्रोला उंचीची अट कडक आहे, पण 'स्वतंत्र डोंगर' कशाला म्हणायचं याला आकडाच नाही, तो क्लबचा निवाडा. त्यामुळे यादी हलते. १९९७ साली एकाही डोंगराची उंची न बदलता आठ टॉप बढती मिळून मन्रो झाले आणि मामोर्समधला एक उतरला, संख्या २८४. पुढे २००९ला स्कूर नान क्यानिखन नव्या मोजणीत कमी भरला: २८३. २०१२ला बेन अ ख्लाय्वची उंची ९१३.९६ मी. निघाली, ४४ सेंटिमीटरने गेला: २८२. त्यामुळे तोवर फिशरफील्डचे सहा म्हणून ओळखले जाणारे डोंगर पाच राहिले.

याउलट कॉर्बेट (२५०० ते ३००० फूट, एकूण २२२) यांना स्पष्ट अट आहे: चारी बाजूंनी किमान ५०० फूट उतार हवा. त्यामुळे तिथे भांडणं नाहीत.

दांडावरचा

मग सह्याद्रीची यादी करायची झाली तर कॉर्बेटचाच नियम घ्यावा लागेल. नाहीतर अलंग-मदन-कुलंग एक की तीन, यावरच दोनशे प्रतिसाद पडतील.

मुंगी

त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको 😀 पण हो, दोन आकडे लागतील, किमान उंची आणि खिंडीपर्यंतचा किमान उतार. 'किल्ला आहे म्हणून घेतला' असं केलं की यादी संपली. कळसूबाई किल्ला नाही, साल्हेर (१५६७) किल्ला आहे. शिखरांच्या यादीला दोन्ही सारखेच.

होकायंत्र

अवांतर आवरा मंडळी. नद्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि माझ्या मते दोरापेक्षा तो भाग महत्त्वाचा.

फिशरफील्डचे पाच सर्वांत दुर्गम, त्यातलं अ वायचन (९६७) सगळ्या रस्त्यांपासून लांब. मुक्काम शेनावल बोथीत. बोथी म्हणजे डोंगरातलं जुनं उघडं घर: फुकट, वीज नाही, नळ नाही, आरक्षण नाही. शौचाला फावडं घेऊन पाण्यापासून आणि घरापासून लांब. जागा भरलेली असू शकते, म्हणून तंबू न्याच. शेनावलपासून डोंगराकडे जायला दोन नद्या पायी ओलांडाव्या लागतात, पूल नाही. कोरड्या आठवड्यात पाणी घोट्याला. दिवसभर पाऊस झाला की त्याच नद्या संध्याकाळी माणूस ओढून नेतात. सकाळी ओलांडून गेलात म्हणजे परत येता येईलच असं नाही, हे इथलं खरं संकट.

ओलांडायचं तर:
- जिथे पात्र रुंद होऊन फाटे फुटतात तिथे. अरुंद ठिकाण जवळचं दिसतं पण खोल असतं. खाली धबधबा किंवा घळ असेल तर नाहीच.
- बूट घालूनच. मोजे आणि बुटातली गादी काढून कोरडी ठेवा, पलीकडे घाला. अनवाणी पाय दगडात अडकतो.
- पिशवीचे कंबर-छातीचे पट्टे सोडा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा.
- गुडघ्यावर वेगाचं पाणी असेल तर थांबा. या नद्या जशा भराभर चढतात तशा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. एक जेवण जादा न्यायचं ते यासाठी.

शेवंती

+१. आणि लहान संकटं दोन.

मिज: चिलटाहून बारीक, थव्याने येतात. जून ते सप्टेंबर, सकाळ-संध्याकाळ, वारा पडलेला असताना. ताशी १०-१२ किमी वारा असला की उडत नाहीत, म्हणून तंबू नदीकाठच्या आडोशाला न लावता उघड्या उंचवट्यावर लावा. डोक्यावरची जाळी शंभर ग्रॅमचीही नसते, जवळ असू द्या.

गोचीड: नेच्यांतून आणि उंच गवतातून अंगावर येते. लाइम आजार हिच्यामुळे होतो. संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कंबरपट्ट्याखाली तपासायचं. काढायला टिक रिमूव्हरचा आकडा वापरा. तेल, काडी, चिमटीने चिरडणं असले उपाय करू नका, ती पोटातलं उलट ओकते. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल गोल चट्टा दिसला की डॉक्टर, चट्टा जायची वाट न बघता.

घसारा

हिवाळा: डिसेंबरात इन्व्हरनेसला उजेड जेमतेम साडेसहा-सात तास. हेडलॅम्प दोन. आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे खिळे) पिशवीत असून चालत नाहीत, पडताना अ‍ॅक्सने थांबायचा सराव सुरक्षित उतारावर आधी केलेला हवा. बूट-क्रॅम्पॉनची जोडी जुळवा (बी म्हणजे बुटाच्या, सी म्हणजे क्रॅम्पॉनच्या कडकपणाची श्रेणी): बी१ बुटाला सी१, बी२ ला सी२ पर्यंत. मऊ बुटावर कडक क्रॅम्पॉन लावला की तो उतारावर निखळतो. मायक्रोस्पाइक सपाट बर्फाळ वाटेपुरते, उतारावर नाही.

वारा बहुधा नैर्ऋत्येचा, त्यामुळे बर्फाच्या लोंबत्या कडा (कॉर्निस) उत्तर-पूर्वेच्या कोर्यांवर तयार होतात. वरून त्या सपाट जमीनच दिसतात. कड्यापासून निदान पाच-दहा मीटर आत चाला. हिमलोटांचा अंदाज एससॅएसवर रोज येतो, सहा विभागांसाठी. तुमचा डोंगर त्यात नसेल तर जवळच्या विभागाचा घ्या.

मुंगी

@घसारा, एस-ए-आय-एस: स्कॉटिश अ‍ॅव्हलान्च इन्फर्मेशन सर्व्हिस. टंकनात गडबड झालीये.

घसारा

होय, तेच. थंड बोटं.

दांडावरचा

शिकारीबद्दल: २००३च्या जमीन कायद्याने खासगी मालकीच्या डोंगरांवरही जबाबदारीने फिरायचा हक्क आहे. तरी ऑगस्टच्या मध्यापासून २० ऑक्टोबरपर्यंत हरणांच्या शिकारीचे दिवस भरात असतात, तेव्हा इस्टेटीची पाटी वाचा आणि धारेच्या रूढ वाटेने जा. रविवारी बहुधा शिकार नसते. आणि लांबच्या खोऱ्यांत सायकल न्या. डॅलविनीहून लॉख एरिख्तच्या काठाने कच्चा रस्ता आहे, बेन ऑल्डरसाठी दोन्ही वेळचे मिळून कितीतरी तास वाचतात.

मदत लागली तर ९९९, 'पोलीस' मागायचे आणि मग 'माउंटन रेस्क्यू'. थेट 'माउंटन रेस्क्यू' मागितलं तर रुग्णवाहिकेकडे लावून देऊ शकतात आणि वेळ जातो. एसएमएसने मदत मागायची सोय आहे, पण 'रजिस्टर' असा संदेश ९९९ला पाठवून नोंदणी आधी करावी लागते. आत्ताच करून टाका. शिट्टी: मिनिटात सहा, मग एक मिनिट थांबा, परत सहा.

पाऊलवाट१६४६

नोंदणी केली. शेवटचा प्रश्न. शेवटचं शिखर कुठलं ठेवावं?

होकायंत्र

न चालणाऱ्या मित्रांनाही येता येईल असं. बेन ना लॅप (९३५) चांगलं: कोरूर स्थानकावर गाडीतून उतरायचं आणि चढायचं. तिथे सार्वजनिक रस्ताच नाही, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ पाठ करा. नाहीतर मल बेटावरचं बेन मोर (९६६), बेटावरचं एकुलतं एक, स्काय वगळता बाहेरच्या बेटांवरचं हेच. बरेच जण हेच राखून ठेवतात. झाल्यावर क्लबच्या यादी-कारकुनाला पत्र लिहिलं की क्रमांक मिळतो. सात हजारांच्या पुढे गेलेत ते.

मलला जायचं असेल तर ओबनहून सुटणाऱ्या फेरीबोटीत गाडीची जागा बरीच आधी धरा. पायी उतारू म्हणून जागा मिळते, पण पलीकडे बेन मोरच्या पायथ्याशी जायला बस फारशी नाही.